आप्पांची शॉटगन नदीपलीकडे आणायची आहे (पेन्सिल्व्हेनिया ते न्यू जर्सी, वडील ते मुलगी)

माहेरवाशीण | ३ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण न्यू जर्सी-पेन्सिल्व्हेनियातले आहेत, म्हणून विचारते. विषय जरा वेगळा आहे, पण माझ्यासाठी खूप जवळचा आहे.

माझे वडील, आप्पा, ८२ वर्षांचे आहेत. १९७८ साली सांगलीहून इकडे आले आणि बेथलेहेमजवळ पोलादाच्या कामात त्यांचं आयुष्य गेलं. आई आणि आम्ही दोघं भावंडं ८१ मध्ये आलो. त्या भागात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांची शिकार सुरू व्हायची आणि त्या दिवशी शाळांनाही सुट्टी असायची. कामावरच्या दोस्तांनी आप्पांना दोन वर्षं नेलं सोबत, पण जिवंत जनावरावर चाप ओढायला त्यांचं मन होईना. मग ते क्लबात जाऊन हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायला शिकले. त्यासाठी त्यांनी रेमिंग्टन ८७० घेतली, बारा बोअरची, पंपवाली. मी पंधरा वर्षांची झाल्यावर दर रविवारी मला घेऊन जायचे. "खांदा घट्ट लाव, घाई करू नकोस," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल.

आता घर विकायचं ठरलं आहे. आई-आप्पा पिट्सबर्गला भावाच्या जवळ राहायला जातील. त्यांची इच्छा आहे की शॉटगन मला द्यायची आणि घरातलं जुनं .३८ चं रिव्हॉल्व्हर भावाला. आप्पांचा बेत साधा आहे : दिवाळीला आमच्याकडे एडिसनला येताना शॉटगन डिकीत घालून आणायची आणि पाडव्याला माझ्या हातात ठेवायची.

मी थोडं वाचलं. न्यू जर्सीत शस्त्रांचे खासगी व्यवहार डीलरमार्फत (शस्त्रविक्रीचा परवाना असलेल्या दुकानदारामार्फत) करावे लागतात, पण सख्ख्या नात्यात ती अट नाही. पेन्सिल्व्हेनियातही आई-वडील आणि मुलांमध्ये सूट आहे. म्हणजे दोन्हीकडून रस्ता मोकळा आहे ना? नवरा म्हणतो आधी कुणाला तरी विचार. म्हणून हा धागा. मी अमेरिकन नागरिक आहे, कसलाही गुन्हा वगैरे नाही.

---

काउंटरपलीकडे | ३ सप्टेंबर, रात्री ११:२५

ताई, आणू नका. आप्पांना आजच फोन करून सांगा.

मी गेली नऊ वर्षं शनिवार-रविवार एका परवानाधारक डीलरच्या दुकानात कागदपत्रांचं काम बघतो, आणि तुम्ही जी चूक करायला निघालात ती मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. चूक करणारी माणसं बहुतेक वेळा सरळमार्गीच असतात. त्यांनी स्वतःच्या राज्याचा नियम वाचलेला असतो, समोरच्या राज्याचाही वाचलेला असतो, आणि मधल्या रेषेचा नियम कुणी वाचलेलाच नसतो.

ती मधली रेषा फेडरल, म्हणजे सगळ्या देशाला लागू असलेल्या कायद्याची आहे. १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट म्हणतो की (डीलरकडे असतो तो) परवाना नसलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या, परवाना नसलेल्या माणसाला शस्त्र द्यायचं नाही. विकायचं नाही, अदलाबदल करायची नाही आणि भेटही द्यायची नाही. घेणाऱ्यालाही तोच नियम लागू आहे : दुसऱ्या राज्यात मिळवलेलं शस्त्र स्वतःच्या राज्यात घेऊन यायचं नाही. यात बाप-लेक, नवरा-बायको, सख्खे भाऊ अशी कुठलीही सूट नाही. पेन्सिल्व्हेनियाची सूट पेन्सिल्व्हेनियातल्या दोघांसाठी आहे आणि जर्सीची जर्सीतल्या दोघांसाठी. आप्पा आणि तुमच्यामध्ये डेलावेअर नदी आहे, तीच दोन राज्यांची हद्द, म्हणून दोन्ही सवलती तुमच्या उपयोगाच्या नाहीत.

भावाचं मात्र वेगळं आहे. तो पेन्सिल्व्हेनियातच राहतो. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा व्यवहार तिथे एरवी डीलर किंवा शेरीफमार्फत करावा लागतो, पण बापाने मुलाला द्यायचं तर ती अट नाही. तो कायद्याने शस्त्र बाळगायला पात्र असेल तर आप्पा त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर ठेवू शकतात. एकाच बापाची दोन मुलं, पण कायद्याच्या दृष्टीने दोन अगदी निराळे व्यवहार.

तुमच्यासाठी मार्ग असा. आप्पांनी त्यांच्या गावातल्या डीलरकडे शॉटगन द्यायची. तो ती तुमच्या जवळच्या जर्सीतल्या डीलरकडे पाठवतो. तुम्ही तिथे जाऊन फेडरल ४४७३ फॉर्म भरायचा (शस्त्र घेणाऱ्याने स्वतःची माहिती लिहून द्यायचा), तुमची पार्श्वभूमी तपासली जाते, मग शस्त्र तुमचं. शॉटगन किंवा रायफल असेल तर कायद्याने पेन्सिल्व्हेनियाचा डीलरही थेट जर्सीच्या रहिवाशाला देऊ शकतो, दोन्ही राज्यांचे नियम पाळून. पण दुसऱ्या राज्याचे नियम सांभाळण्याची जबाबदारी बरेच डीलर घेत नाहीत. रिव्हॉल्व्हर तुम्हाला द्यायचं असतं तर तोही पर्याय नव्हता, हँडगन फक्त घेणाऱ्याच्या राज्यातल्या डीलरकडूनच मिळते.

आणि या सगळ्याच्या आधी तुमच्याकडे जर्सीचं कार्ड हवं. आहे का?

---

माहेरवाशीण | ४ सप्टेंबर, सकाळी ७:१०

नाही. कुठलं कार्ड?

वाचून रात्री झोप लागली नाही. आप्पांना सकाळी सहाला फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य, "लेकीला वस्तू द्यायला मधे दुकानदार कशाला?"

---

तुतारी_एडिसन | ४ सप्टेंबर, सकाळी ९:०५

कार्ड म्हणजे फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड. जर्सीत शॉटगन किंवा रायफल घ्यायची तर ते लागतंच, हँडगनसाठी त्याशिवाय प्रत्येक नगाला वेगळं परमिट.

मी दोन वर्षांपूर्वी काढलं. अर्ज राज्य पोलिसांच्या ऑनलाइन यंत्रणेतून करायचा, पण तो जातो आपल्या गावच्या पोलिसांकडे. कार्डाची फी ५० डॉलर, हँडगनच्या परमिटची २५. पहिल्यांदा काढताना बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्याचे पैसे वेगळे. मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमती द्यावी लागते. आणि दोन ओळखीच्या माणसांची नावं द्यावी लागतात, त्यांना ईमेल जातो. त्या दोघांना आधी नीट सांगून ठेवा, ही कळकळीची विनंती. माझ्या एका शेजाऱ्याने ईमेल फसवा समजून पुसून टाकला आणि माझा अर्ज तेवढ्यापायी सहा आठवडे पडून राहिला. कायद्यात ३० दिवस लिहिले आहेत, पण त्या हिशोबाने दिवाळीचा बेत आखू नका.

शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अटही २०२२ च्या कायद्याने आली आहे. तुम्ही लहानपणापासून क्लबात नेम धरलात तरी त्या अनुभवाचा कागद नसतो.

---

लेहायकाठ | ४ सप्टेंबर, दुपारी १:३०

मी ॲलनटाउनला ३५ वर्षं आहे. इथली मंडळी जरा घाबरवतात असं वाटतं. इकडे किती जणांनी मुलांना, नातवांना जुन्या बंदुका दिल्या, कुठल्याही कागदाशिवाय. शॉटगनला ना नोंदणी, ना नंबरप्लेट. नदीवरचा ईस्टनचा पूल ओलांडताना कुणी डिकी उघडून बघत नाही. म्हाताऱ्या माणसाची इच्छा आहे, ती एवढी अवघड का करायची?

---

काउंटरपलीकडे | ४ सप्टेंबर, दुपारी २:१५

काका, तुम्ही पाहिलेली बहुतेक देवाणघेवाण पेन्सिल्व्हेनियातल्या पेन्सिल्व्हेनियात झाली असेल. तिथे बापाने मुलाला शॉटगन दिली तर कागद लागत नाही, हे खरं. पूल ओलांडला की चित्र बदलतं.

जर्सीत कार्ड नसताना शॉटगन जवळ असणं हा तिसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे, ज्यात तीन ते पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते. म्हणजे आप्पा स्वतः डिकीत घेऊन आले तर अडकायला सुरुवात त्यांच्यापासूनच होते. १९८६ च्या फेडरल कायद्याने प्रवासासाठी एक संरक्षण दिलं आहे : शस्त्र रिकामं, डिकीत, हाताला न लागेल असं. पण ते संरक्षण जिथे शस्त्र कायदेशीर आहे तिथून जिथे कायदेशीर आहे तिथपर्यंत जाणाऱ्याला आहे. मुलीच्या घरी बेकायदा सुपूर्द करायला जाणाऱ्या माणसाला त्याची ढाल मिळत नाही.

कुणी पाहत नाही, हेही खरं. पण घरी चोरी झाली, आग लागली, घटस्फोट झाला, शेजाऱ्याशी भांडण झालं की पोलीस घरात येतात आणि पहिला प्रश्न असतो, ही आली कुठून? तेव्हा आप्पांचं नाव घ्यावं लागेल. ८२ वर्षांच्या माणसाचं नाव त्या कागदावर यावं असं तुम्हालाही वाटणार नाही.

आणि हा धागा वाचणाऱ्यांत ग्रीन कार्डवाले बरेच असतील, त्यांनी हे लक्षात ठेवा. शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरलं तर देशाबाहेर काढण्याचं ते स्वतंत्र कारण होतं. वीस वर्षांचा संसार इथे असला तरी.

---

लेहायकाठ | ४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५०

हे मला ठाऊक नव्हतं. मी स्वतः माझ्या पुतण्याला, तो डेलावेअर राज्यात असतो, रायफल द्यायचं बोललो होतो. थांबतो. चौकशी करतो. आभारी आहे.

---

नवा_पाहुणा | ४ सप्टेंबर, रात्री ९:२०

थोडा बाजूचा प्रश्न. मी एच-वन-बी वर आहे, बायको एच-फोर वर. मित्र मंडळी रेंजवर जातात, तिथे बंदूक भाड्याने मिळते. मागच्या महिन्यात मीही दोन राउंड मारले, फोटोही टाकले. हे ठीक आहे ना? तिथे कुणी व्हिसा विचारला नाही.

---

काउंटरपलीकडे | ४ सप्टेंबर, रात्री ९:४५

नाही, ठीक नाही. आणि तुझ्यासारखे शेकडो आपले लोक हे करतात, म्हणून मोठ्या अक्षरात सांगावंसं वाटतं.

नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने शस्त्र आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, सगळे त्यात येतात. भाड्याची बंदूक दहा मिनिटं हातात धरणं हेही बाळगणंच. सामान्य माणसाच्या उपयोगाचा मुख्य अपवाद एकच : अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो असेल तर मनाई लागू होत नाही. तो काढायला बहुतेक राज्यांत शिकारीच्या सुरक्षिततेचा वर्ग करावा लागतो, त्यामुळे परवाना आणि प्रशिक्षण, दोन्ही कामं होतात.

रेंजवाल्याने विचारलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. फोटोंचं काय करायचं ते चांगल्या इमिग्रेशन वकिलाला विचार. इथे आम्हाला विचारू नकोस.

---

नवा_पाहुणा | ४ सप्टेंबर, रात्री ९:५८

धन्यवाद दादा. हात थरथरतायत वाचून. उद्याच वकिलाला फोन करतो.

---

पेशवेपार्क | ५ सप्टेंबर, सकाळी ८:४०

माहेरवाशीण, एक सोपा उपाय सुचतो. जुनी शॉटगन आप्पांनी तिकडेच विकून टाकावी. तुम्ही त्यांना पैसे पाठवा, त्यांनी त्यांच्या दुकानातून तुमच्यासाठी नवी घ्यावी आणि मग डीलरकडून डीलरकडे पाठवावी. भेटही झाली, नियमही पाळला.

---

काउंटरपलीकडे | ५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

हा उपाय जुन्या बंदुकीपेक्षा जास्त धोक्याचा आहे, आणि याच गोष्टीवर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. २०१४, अब्राम्स्की विरुद्ध युनायटेड स्टेट्स.

अब्राम्स्की व्हर्जिनियातला माजी पोलीस. त्याच्या काकांना ग्लॉक १९ हवं होतं आणि काका राहायचे ईस्टन, पेन्सिल्व्हेनियात, म्हणजे आपल्या लेहायकाठ काकांच्या शेजारीच. काकांनी ४०० डॉलरचा चेक पाठवला. पुतण्याने व्हर्जिनियात पिस्तूल घेतलं. पुढे ते काकांना देताना पेन्सिल्व्हेनियातल्या परवानाधारक डीलरमार्फतच दिलं. राज्यरेषेचा नियम त्याने अगदी व्यवस्थित पाळला. काका-पुतणे दोघेही कायद्याने शस्त्र घ्यायला पात्र होते. तरी तो दोषी ठरला.

का? कारण दुकानात ४४७३ फॉर्मवर "मीच खरा घेणारा आहे" असं त्याने लिहिलं, आणि पैसे दुसऱ्याचे होते. कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की समोरचा पात्र असला तरी हे खोटंच. स्वतःच्या पैशाने घेऊन खरीखुरी भेट देणं चालतं, फॉर्मवर तसं लिहिलेलंही आहे. दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी घेणं ही भेट नाही, ती दुसऱ्याच्या नावाआड केलेली खरेदी. २०२२ पासून त्यावर वेगळा फेडरल गुन्हाच आहे, १५ वर्षांपर्यंत शिक्षा.

आप्पांची शॉटगन त्यांचीच आहे, त्यांनी स्वतः घेतलेली, चाळीस वर्षं वापरलेली. ती देणं ही खरी भेट. तिच्यातच सगळं सोपं आहे.

---

शमा_कोलंबस | ५ सप्टेंबर, सकाळी ११:१५

मला वेगळं बोलायचं आहे, राग मानू नका.

ताई, घरात लहान मुलं येतात-जातात का? मी शाळेत समुपदेशक आहे. बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचं, याचा सराव म्हणून मुलं दिवे मालवून, दाराला कपाट लावून जमिनीवर बसतात. पाच वर्षांची मुलं. ते पाहिल्यापासून घरात बंदूक या गोष्टीकडे मला आठवणीची वस्तू म्हणून बघताच येत नाही. आप्पांची टोपी ठेवा, चष्मा ठेवा, क्लबातलं पदक ठेवा. ही एक वस्तू सोडून द्या, असं मनापासून वाटतं.

दुसरं, ८२ वर्षांचे आहेत. विसरायला होतं का त्यांना? असेल तर दिवाळीची वाट बघू नका. माझ्या ओळखीच्या एका घरात आजोबांना रात्री घरात चोर दिसायचे.

---

माहेरवाशीण | ५ सप्टेंबर, रात्री ८:००

शमा, राग कसला. तुम्ही जे पाहता ते मी पाहत नाही, म्हणून तुमचं ऐकायलाच हवं.

आप्पांची स्मृती उत्तम आहे. आईची नाही. संध्याकाळी ती कधी कधी मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारते. घर लवकर विकायचं खरं कारण तेच आहे, ते पहिल्या पोस्टमध्ये लिहायला धजले नाही. तुमचं वाचल्यावर दुपारी भावाला फोन केला. तो उद्या बेथलेहेमला जाऊन रिव्हॉल्व्हर घेऊन जाणार आहे. शॉटगन शनिवारीच तिथल्या डीलरकडे जाईल आणि माझं कार्ड येईपर्यंत त्यांच्याकडेच राहील. आई असलेल्या घरात आता एकही शस्त्र एक आठवडासुद्धा राहू नये, एवढं आम्हा दोघांचं ठरलं.

माझ्या घरी नात येते, तीन वर्षांची. तिजोरी आधी, शॉटगन नंतर. काडतुसं घरात ठेवणार नाही, क्लबातच घेऊन तिथेच संपवीन. हवेतल्या चकतीवर नेम धरणं हा माझा आणि आप्पांचा एकमेव असा वेळ होता ज्यात आम्ही भांडलो नाही. म्हणून मला ती हवी आहे.

---

शमा_कोलंबस | ५ सप्टेंबर, रात्री ८:३०

आईसाठी खूप वाईट वाटलं. रिव्हॉल्व्हर उद्याच निघतंय हे वाचून बरं वाटलं. तिजोरीची किल्ली कुठे असते हे नातीच्या आईलाही सांगू नका, फक्त तुम्ही दोघं.

---

सदाशिव_डेन्व्हर | ६ सप्टेंबर, सकाळी १०:०५

एवढा खटाटोप टाळायचा तर मृत्युपत्र? कुठेतरी वाचलं होतं की वारशाने आलं तर राज्यरेषेचा नियम लागत नाही.

---

काउंटरपलीकडे | ६ सप्टेंबर, दुपारी १२:२०

बरोबर वाचलंत. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेल्या शस्त्राला फेडरल कायद्यात अपवाद आहे, घेणाऱ्याच्या राज्यात ते बाळगणं कायदेशीर असेल तर. जर्सीतही मृत मालकाकडून वारसाला जाताना कार्ड लागत नाही. वारस अपात्र असेल तर विकण्यासाठी १८० दिवस मिळतात.

पण तो अपवाद माणूस गेल्यावरचा आहे. आप्पांना स्वतः द्यायची आहे.

---

दोडामार्गकर | ६ सप्टेंबर, रात्री ११:५० (भारतीय वेळ)

सिंधुदुर्गातून लिहितो. तुमचा धागा वाचताना सारखं आमचं घर आठवत होतं, म्हणून राहवलं नाही.

आमच्याकडे बागायतीसाठी शेतीसंरक्षणाची बंदूक असते. माकडं, रानडुकरं, आता हत्ती. (हत्तीवर बंदूक चालवायची नाही, नुसता आवाज.) वडिलांकडे एकनळी बारा बोअर होती, परवाना १९८४ चा. धाकटी बहीण लग्न करून डिचोलीला गेली. इथून तासाभराची वाट, पण ते गोवा. तिच्या सासरचीही सुपारीची बाग आणि तोच त्रास. वडील म्हणाले, मुलांना बागेत रस नाही, बंदूक जावयाला देतो.

तेव्हा मला कळलं की आपल्याकडे बंदूक द्यायची म्हणजे आधी माणूस पात्र करावा लागतो. १९५९ चा शस्त्र कायदा. घेणाऱ्याचा स्वतःचा परवाना हवा, आणि तो तो राहतो तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्याकडून, म्हणजे उत्तर गोव्यातून. देणाऱ्याने आपल्या जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं की मी अमुक नावाच्या, अमुक पत्त्याच्या माणसाला देतोय, आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. त्याआधी हातात द्यायची नाही.

२०१६ च्या नियमांत आणखी एक सोय आहे, फार थोड्यांना माहीत असते. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो जिवंतपणीच वारसाचं नाव सुचवून परवाना त्याच्या नावे मागू शकतो. वारसाची पात्रता तपासली जातेच. आम्ही शेवटी जावयाऐवजी बहिणीचंच नाव दिलं. पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. ओरोसला कलेक्टर कचेरीत मी सात खेपा घातल्या. एका खेपेला तिथला माणूस म्हणाला की फाइल गोव्याला गेली, गोव्यातला म्हणाला आली नाही, आणि ती दोन महिने एका टेबलावर होती.

या काळात निवडणूक लागली आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. वडील रोज विचारायचे. ती परत मिळायच्या आधीच ते गेले. मग सगळं वारसाच्या अर्जाने नव्याने करावं लागलं. बहिणीला आता मिळाली आहे, पण तिच्या हातात ती मी ठेवली. वडिलांनी नाही.

म्हणून ताई, तुमच्या आप्पांना डीलरच्या दुकानात न्या. जेवढे कागद लागतील तेवढे भरा, पण त्यांना तिथे उभं करा.

---

माहेरवाशीण | ७ सप्टेंबर, सकाळी ६:३०

दोडामार्गकर, तुमची पोस्ट आप्पांना फोनवर वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कार्डाचा अर्ज आजच कर."

---

तुतारी_एडिसन | ७ सप्टेंबर, सकाळी ७:१५

ताई, माझं नाव ओळखीच्या दोघांत द्या. आपण एकाच मंडळात आहोत, गणपतीत आरतीला भेटलो आहोत. ईमेल आल्या मिनिटाला उत्तर देईन.

---

माहेरवाशीण | १४ डिसेंबर, रात्री ९:१०

मंडळी, उशिरा लिहितेय, पण शेवटपर्यंत सांगायचं ठरवलं होतं.

कार्ड नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. तुतारीने खरंच दहा मिनिटांत उत्तर दिलं होतं, दुसऱ्या मैत्रिणीला तीन वेळा आठवण करावी लागली. बेथलेहेमच्या डीलरने शॉटगन इकडच्या डीलरकडे पाठवली. पहिल्यांदा गेले तेव्हा हात हलवत परत आले. आम्ही मागच्या वर्षी घर बदललं, कार्डावर नवा पत्ता, पण ड्रायव्हिंग लायसन्सवर अजून जुना. फॉर्मसाठी सध्याच्या पत्त्याचं सरकारी ओळखपत्र लागतं. चूक सर्वस्वी माझी. काउंटरवरची बाई फार समजूतदार होती, पण नाही म्हणजे नाही. इथे कुणी घेणार असाल तर आधी पत्ते जुळवून बघा.

काल पुन्हा गेलो, या वेळी आप्पांना घेऊन. भाऊ पिट्सबर्गहून त्यांना सोडायला आला होता. ४४७३ मी शांतपणे वाचून भरला. गांजाबद्दलचा प्रश्न आहे त्यात, आणि खाली ठळक लिहिलं आहे की राज्यात चालत असला तरी फेडरल कायद्याने चालत नाही. जर्सीत दुकानं उघडलीत म्हणून कुणी तिथे गाफील राहू नका. तपासणीला साधारण पाऊण तास गेला. तेवढा वेळ आप्पा खुर्चीवर हातात टोपी धरून बसले होते, दवाखान्यात बसतात तसे.

मग बाईने खोकं उघडलं. मला पावतीवर सही करायला सांगितली आणि शॉटगन काउंटरवर ठेवली, नळी भिंतीकडे, पंप मागे ओढून आतली जागा रिकामी दिसेल अशी. दस्त्यावर डाव्या बाजूला एक खोक आहे, १९८६ ची. मी गाडीच्या दारावर आपटली होती आणि घरी येईपर्यंत रडत होते. आप्पा उठले, त्या खोकेवरून अंगठा फिरवला आणि बाईला इंग्रजीत म्हणाले, ही माझ्या मुलीने केली आहे. मग दोन पावलं मागे सरकले आणि मला म्हणाले, "उचल."

---

दोडामार्गकर | १५ डिसेंबर, सकाळी ९:०० (भारतीय वेळ)

वाचलं. आईला वाचून दाखवलं.

---

लेहायकाठ | १५ डिसेंबर, सकाळी ८:२०

माझ्या पुतण्याचं कामही गेल्या आठवड्यात डीलरकडून झालं. दोन्हीकडचे मिळून ९० डॉलर गेले, तीन आठवडे लागले. ताई, आता क्लबात जाणार का?

---

माहेरवाशीण | २१ डिसेंबर, संध्याकाळी ५:४५

आज गेलो. भावाने आप्पांना ख्रिसमसपर्यंत इकडेच ठेवलं आहे. थंडी कडाक्याची होती, त्यांना घोंगडी देऊन मागच्या बाकावर बसवलं. पंचवीस चकत्यांचा एक राउंड मारला. मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

अकरा लागल्या.

आप्पा म्हणाले, "शेवटच्या पाचात घाई केलीस."